नवा मासा, जुने पाणी: यवतमाळच्या फिश टँकमधील आजारांचा आढावा

टँकमधला नवा मासा मेला की दुकानदाराला विचारायचा प्रश्न बहुतेकांच्या तोंडी ठरलेला असतो: औषध कोणते टाकू? त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. सोडल्यापासून किती वेळाने मासा मेला? सहा तासांत मेलेला मासा, पाचव्या दिवशी मेलेला मासा आणि महिन्याने मेलेला मासा यांच्यावर एकाच बाटलीतला इलाज असू शकत नाही. पहिल्या काही तासांतले मृत्यू बहुधा प्रवासाचे, क्लोरीनचे किंवा विषाचे असतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट मारतात, किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. त्यानंतर पाळी येते ती सावकाश वाढणाऱ्या परजीवींची आणि जिवाणूंची. ही विभागणी काटेकोर नाही. पण यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे माशांचा डॉक्टर गल्लीत बसत नाही आणि सूक्ष्मदर्शक हाताशी नसतो, तिथे निदानाचे पहिले साधन कॅलेंडरच आहे.

मासा आपल्याकडे पोहोचतो तोच दमलेला. भारतातले शोभेचे मासे मुख्यतः पश्चिम बंगालात आणि चेन्नईजवळच्या कोळत्तूर भागात पैदा होतात. तिथून घाऊक व्यापारी, मग शहरातला दुकानदार आणि शेवटी आपण, असे दोन-तीन हात बदलतात आणि प्रत्येक वेळी पाणी बदलते. पिशवी घाण होऊ नये म्हणून प्रवासाआधी माशांना उपाशी ठेवलेले असते. बंद पिशवीत मासा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो, त्यामुळे पाणी आम्लधर्मी होते. त्याच पाण्यात त्याचा अमोनियाही साठतो. पण आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियमच्या, म्हणजे फारशा घातक नसलेल्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच साठलेला अमोनिया विषारी होऊ लागतो. त्यामुळे लांबून आलेली पिशवी उघडून दोन-दोन तास थेंबाथेंबाने टँकचे पाणी मिसळत बसण्याची पद्धत मला पटत नाही. ती समुद्री जीवांसाठी आणि कोळंबीसाठी ठीक आहे. दूरच्या प्रवासातल्या गोड्या पाण्यातल्या माशासाठी बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग पिशवी उघडून मासा लगेच जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये. दुकानातले परजीवी त्याच पाण्यातून येतात.

आता आपले पाणी. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसाल्टवर आहे. वणी आणि झरी जामणीच्या बाजूला चुनखडक आहे. मुकुटबनचा सिमेंट उद्योग त्याच दगडावर उभा राहिला. अशा जमिनीतले बोअरचे पाणी कठीण, क्षारयुक्त आणि बऱ्याचदा अल्कधर्मी असते. पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या फ्लोराईडने माणसांच्या दातांवर आणि हाडांवर काय केले आहे, हे जिल्ह्याला ठाऊक आहे. टँकच्या बाबतीत मात्र त्याहून तातडीचा प्रश्न पीएचचा आहे. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. पाणी ३० अंशांवर गेले की सात टक्क्यांच्याही वर, आणि पीएच साडेआठ झाला तर वीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे किटवर दिसणारा अमोनियाचा एकच आकडा पुण्याच्या मऊ धरणपाण्यात सोसण्याजोगा आणि मारेगावच्या बोअरच्या पाण्यात जीवघेणा असू शकतो. इतर शहरांसाठी लिहिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचे हे सर्वात मोठे कारण.

नव्या टँकमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू नसतात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वस्ती फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टँक, खडे आणि मासे एकाच दिवशी आणतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लालबुंद होतात, पर मिटलेले राहतात. घरातले म्हणतात, मासे आजारी पडले. पण आजार पाण्याचा असतो. नायट्राइट चढले तर रक्तच ऑक्सिजन वाहू शकत नाही आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. यावर औषध नाही. रोज चौथा भाग ते निम्मे पाणी बदलणे, खाणे बंद ठेवणे आणि साधे मीठ, एवढेच करायचे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. १०० लिटरला एक मोठा चमचा खडेमीठ त्यासाठी बहुधा पुरते. ज्यांच्याकडे आधीपासून चालू टँक आहे, त्यांनी जुन्या फिल्टरचा मळलेला स्पंज नव्या टँकमध्ये घातला तर कितीतरी जीव वाचतात. स्पंज नळाखाली खसाखसा धुणारा माणूस ती वस्तीच धुऊन टाकतो.

नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह धरणांचे पाणी मिळत आले. २०१८ च्या टंचाईत ही दोन्ही धरणे तळाला गेली आणि शहर टँकरच्या मागे धावले. टंचाईच्या दिवसांत एकाच टँकमध्ये आज नळाचे, उद्या बोअरचे, परवा टँकरचे पाणी पडते आणि प्रत्येकाचा पीएच आणि कठीणपणा वेगळा असतो. त्यात टँकरमध्ये, विहिरीत, टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची, पावडर अंदाजाने टाकलेली असते. क्लोरीन कल्ल्यांचा पातळ पडदा जाळतो. मासा सैरभैर धावतो, मग वर येऊन धापा टाकतो आणि काही तासांत संपतो. पाणी भरून, एअर पंप लावून एक दिवस ठेवले की बहुतेक क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानातले सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत. गावोगावी मिळणाऱ्या आरओच्या जारने टँक भरण्याची पद्धतही हल्ली दिसते. ते पाणी पिण्यासाठी असते. त्यातले क्षार काढल्यामुळे पीएच सांभाळण्याची ताकद राहत नाही आणि पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. बोअरचे पाणी फारच कठीण असेल तर त्यात थोडे आरओचे मिसळावे, आणि प्रमाण दर वेळी तेच ठेवावे. माशाला पाणी उत्तम असण्यापेक्षा ते स्थिर असणे जास्त गरजेचे आहे.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. मासा मात्र गरम पाण्यात जास्त ऑक्सिजन मागतो. एप्रिल-मे महिन्यात भारनियमनाच्या दुपारी एअर पंप बंद पडला की गोल्डफिश सगळ्यात आधी जातात, कारण ते थंड पाण्यातले. बेंबळा नदीच्या काठचे भोई सांगतील की पहाटे मासा वर येतो तो हवेसाठी. टँकमध्येही सगळे मासे पहाटे पृष्ठभागाशी आणि दिवसा ठीक असतील, तर रोग शोधण्याआधी ऑक्सिजन बघावा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप औषधाच्या चार बाटल्यांपेक्षा उपयोगी.

आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख मत्स्यपालनाच्या पुस्तकांत क्वचित येतो, पण या जिल्ह्यात तो टाळता येणार नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके आजही घराघरांत, गोठ्यात, ओसरीवर असतात. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माणसाच्या शरीरात बऱ्यापैकी लवकर मोडतात. माशाला ती नीट मोडता येत नाहीत आणि अगदी सूक्ष्म मात्रेतही तो मरतो. फवारणीचा मग किंवा बादली टँकसाठी वापरली, शेतातून आल्यावर हात न धुता टँकमध्ये घातला, किंवा बंद खोलीत टँकशेजारी डासांचे लिक्विड रात्रभर चालले, तर दुकानदाराला किंवा आजाराला दोष देण्यात अर्थ नाही. विषाची खूण ओळखायला सोपी आहे: वेगवेगळ्या जातींचे, लहानमोठे, जुने-नवे मासे एकदम, काही तासांत जातात, आणि अंगावर ठिपका, जखम, बुरशी काहीही नसते. संसर्गजन्य रोग असा एका रात्रीत सगळ्यांना सरसकट नेत नाही. टँकसाठीची बादली आणि पाइप वेगळे ठेवून त्यांवर रंगाने खूण करावी.

हे सगळे बाजूला केल्यावर खऱ्या रोगांकडे वळावे. नव्या माशाबरोबर येणाऱ्या रोगांत पहिला मान पांढऱ्या ठिपक्यांचा. दुकानदार त्याला 'इक' म्हणतात. १८७६ मध्ये फ्रान्समध्ये फूके याने या परजीवीचे वर्णन केले आणि त्याला इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस हे लांबलचक नाव मिळाले. साखरेचे दाणे शिंपडावेत तसे पांढरे ठिपके अंगावर आणि परांवर दिसतात. हा एकपेशीय जीव माशाच्या त्वचेच्या पातळ पडद्याखाली राहून वाढतो आणि तिथे कोणतेही औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरले की तो गळून तळाशी पडतो, आवरण करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. ही पिल्ले पोहत बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून पहिल्या डोसनंतर ठिपके तसेच राहिले तर औषध फुकट गेले असे नव्हे, आणि तीन दिवसांनी ठिपके नाहीसे झाले तर रोग गेला असेही नव्हे. ते फक्त गळून तळाशी गेले आहेत. याच टप्प्यावर उपचार थांबवल्याने दुसरी लाट पहिलीपेक्षा जोरात येते. २५ अंशांच्या आसपास हे चक्र चार-सहा दिवसांत फिरते, थंड पाण्यात आठवडे लागतात.

यवतमाळच्या हवामानाचा इथे थेट संबंध आहे. ३० अंशांच्या वर या परजीवीची पैदास थांबते. आपल्याकडे मे महिन्यात हीटर नसलेल्या टँकचे पाणीही तेवढे तापते, म्हणून उन्हाळ्यात इक सहसा जोर धरत नाही. कार्तिकानंतर रात्री गार पडू लागल्या, पाणी २७ वरून २० पर्यंत उतरले, आणि त्यात नवा मासा आला, की तो हटकून दिसतो. उपाय साधा आहे: हीटरने दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांपर्यंत न्यावे, हवा वाढवावी, लिटरला २ ते ३ ग्रॅम खडेमीठ विरघळवून टप्प्याटप्प्याने घालावे, रोज तळाची घाण ओढून काढावी आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर हे चालू ठेवावे. कोरिडोरस, लोच यांसारखे काही तळातले मासे आणि बहुतेक पाणवनस्पती मीठ सोसत नाहीत. तिथे मॅलाकाइट ग्रीनयुक्त औषध निम्म्या मात्रेत वापरता येते, पण हातमोजे घालून. खाण्याच्या माशांसाठी ते औषध बंदी घातलेले आहे, आणि ते उगाच नाही.

पण पाणी तापवण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते, आणि या संपूर्ण विषयातली सर्वात महागडी चूक इथेच होते. नव्या माशाच्या तोंडाभोवती, पाठीवर किंवा शेपटीच्या मुळाशी पांढरट-करडा थर दिसला की त्याला सगळे बुरशी म्हणतात. खरी बुरशी कापसाच्या पुंजक्यासारखी, तंतूतंतू उभी राहिलेली असते आणि बहुधा आधीच्या जखमेवर चढते. कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग दिसायला जवळपास तसाच, पण चपटा, काठाला पिवळसर, पाठीवर खोगिरासारखा पसरणारा. प्रवासातल्या खरचटण्यातून आणि गर्दीतून तो शिरतो, आणि गरम पाण्यात भयंकर वेगाने वाढतो. तीव्र प्रकारात एक-दोन दिवसांत मासा जातो. इकसाठी वाढवलेले तापमान कॉलम्नॅरिसच्या माशाला मारते. म्हणून पांढरे काय आहे ते बघा: सुटे दाणे, कापूस की चपटा थर. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात, बाजूने, नीट बघायला पाच मिनिटे लागतात. त्याच उजेडात अंगावर सोनेरी-पिवळसर भुकटी दिसली तर तो मखमली रोग. त्याचा परजीवी उजेडावर अन्न तयार करणारा असल्याने टँक झाकून अंधार करणे हाही उपचाराचा भाग असतो.

कल्ल्यांतल्या आणि त्वचेवरच्या चपट्या कृमींचे निदान घरी अवघड. मासा अंग दगडांवर घासतो, एका बाजूचा कल्ला मिटून ठेवतो, पण दिसत काही नाही. प्राझिक्वांटेल हे औषध त्यांच्यावर चालते, मात्र कल्ल्यांतल्या कृमींची अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून आठवड्या-दीड आठवड्याने दुसरी फेरी घ्यावीच लागते. माशांच्या उवा आणि नांगरकृमी मात्र डोळ्यांना दिसतात. तळ्यात वाढवलेल्या गोल्डफिश आणि कोईवर त्या वरचेवर येतात. चिमट्याने काढून जागेवर जंतुनाशक लावणे हा छोट्या टँकचा मार्ग. मोठ्या तळ्यांवर काही जण गुरांच्या गोचिडांचे औषध वापरतात; पन्नास लिटरच्या काचेत ते कोणी घालू नये, कारण मात्रा थोडी चुकली तरी उवांबरोबर मासेही जातील. खवले उभे राहून मासा फुगला, की त्याला जलोदर म्हणतात. ते मूत्रपिंड निकामी झाल्याचे लक्षण असते आणि तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

औषधांच्या बाबतीत आपण फार उदार आहोत. दुकानातली पिवळी पूड, मेडिकलमधली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल, निळे औषध आणि मीठ असे सगळे एकाच संध्याकाळी पाण्यात जाते. यातली टेट्रासायक्लिन आपल्या जिल्ह्यात विशेष निरुपयोगी आहे. तिला पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि कठीण पाण्यात तिचा फारच थोडा भाग माशापर्यंत पोहोचतो. रोग जात नाही, मात्र पाण्यातले जिवाणू त्या औषधाला सरावतात. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, वेगळ्या टबात उत्तम. मुख्य टँकमध्ये ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना दुखावते आणि मग रोगाच्या वर अमोनियाचा मार बसतो. शेतातले मोरचूद घरात असते म्हणून कोणी चिमूटभर टाकतात. तांबे परजीवींवर चालते हे खरे, पण कठीण पाण्यात त्यातले किती विरघळलेले राहील हे किटशिवाय सांगता येत नाही, आणि गोगलगाई, कोळंबी तर नक्कीच मरतात. मात्रा ठरवायला पाण्याचे माप माहीत हवे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक काठोकाठ ५६ लिटरचा. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पंचेचाळीस-पन्नास. तो शंभर लिटरचा समजून दुप्पट औषध टाकणारे पुष्कळ आहेत.

या सगळ्याला एकच ठोस पर्याय आहे: वेगळा टब. वीस-पंचवीस लिटरचा साधा प्लास्टिकचा टब, जुन्या टँकमधून उचललेला स्पंज फिल्टर, लपायला एक पाइपाचा तुकडा, वर जाळी. नवा मासा तीन ते चार आठवडे तिथे. जाळी आणि पाइप वेगळे. मत्स्यपालकांत इथे दोन तट आहेत. एक म्हणतो, येणाऱ्या प्रत्येक माशाला सुरुवातीलाच कृमिनाशक आणि परजीवीनाशक द्यावे. दुसरा म्हणतो, फक्त निरीक्षण करावे, लक्षण दिसले तरच औषध. आयात केलेल्या महागड्या माशांसाठी पहिल्याचे म्हणणे समजू शकते. आपल्या गप्पी, मॉली, गोल्डफिशसाठी मी दुसऱ्या बाजूचा आहे. दमलेल्या, उपाशी माशाला पहिल्या दिवशी औषधाचा मारा करण्यापेक्षा अंधार, शांतता, स्वच्छ पाणी आणि दुसऱ्या दिवसापासून थोडेसे खाणे यांनी तो जास्त लवकर सावरतो. आरोग्य विभागाकडून डासांच्या अळ्यांसाठी मिळणारे गप्पी, किंवा नाल्यातून पोरांनी पकडून आणलेले मासे, थेट टँकमध्ये सोडण्याचा मोह फार असतो. त्यांनाही हाच नियम. रानातल्या माशांतून येणारा व्रणरोग भारतात १९८८ पासून ठाण मांडून आहे आणि मरळीसारख्या चिवट माशालाही तो सोडत नाही.

निदान अडले आणि मासे मरतच राहिले, तर नागपूरचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, आणि यवतमाळमध्ये मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय आहे. तिथे विचारून मगच निघावे. नमुना म्हणून मेलेला मासा नेऊ नका. आपल्या उन्हात तासा-दोन तासांत तो सडू लागतो आणि परजीवी त्याला सोडून जातात. लक्षणे दिसणारा जिवंत मासा न्यावा, एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात. सोबत टँकमधले पाणी वेगळ्या बाटलीत, आणि आतापर्यंत काय काय औषध घातले त्याची खरी यादी.

टँकमध्ये हात घालणाऱ्याने स्वतःचेही बघावे. १९२६ मध्ये अ‍ॅरनसन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांतून क्षयाच्या कुळातला एक जिवाणू वेगळा केला. तो माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरतो आणि महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी करतो. हातावर काप, काट्याची जखम असेल तर हातमोजे घालावेत, आणि अशी गाठ आली तर त्वचेच्या डॉक्टरांना घरी फिश टँक आहे हे आवर्जून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

राहिलेला, नकोसा झालेला किंवा आजारी मासा विहिरीत, नाल्यात, बेंबळ्यात किंवा अरुणावतीत सोडणे पुण्याचे काम नाही. सकर मासा भारतातल्या कितीतरी तलावांत अशाच सुटकेतून पसरला आणि कोळ्यांच्या जाळ्यांत आज तोच येतो. परजीवी आणि विषाणू असेच प्रवास करतात, आणि त्यांचा भार भोई कुटुंबांच्या रोजच्या माशावर पडतो. मेलेला मासा खोल पुरावा. टँकमधून काढलेले साधे पाणी परसातल्या झाडांना चांगले. औषध किंवा मीठ घातलेले पाणी मात्र झाडांना, गटारातून नाल्याला किंवा गुरांच्या हौदाजवळ जाऊ देऊ नये, विहिरीपासून दूर कोरड्या जमिनीत जिरवावे.